सरावाचे मूल

दिनांक अठरा ऑगस्ट. या दिवशी आरोग्य खात्याच्या एका पत्राने सरकारी बालरुग्णालयाच्या बालविकास विभागातील संशोधन-प्रशिक्षणाची पाठ्यवृत्ती बंद झाली. पत्रात कारण म्हणून एकच वाक्य आहे : ‘ज्या विभागास स्वतःच्या डोळ्यांसमोरील बालकाचा दोष वर्षभर ओळखता आला नाही, त्या विभागाच्या प्रशिक्षणावर शासकीय निधी खर्च करणे समर्थनीय नाही.’ या वाक्याचा पूर्वार्ध शब्दशः खरा आहे. खऱ्या पूर्वार्धाला खोटा उत्तरार्ध किती सफाईने जोडता येतो, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ही हकीकत लिहून ठेवणे भाग आहे.

हकीकत मोठ्या बाईंची आहे. विभागप्रमुख असल्या तरी त्यांना कोणी प्रमुख म्हणत नसे. हुद्द्याने मोठ्या, वयाने मोठ्या आणि आवाजाने तर सगळ्यांत मोठ्या, म्हणून मोठ्या बाई. बाई कुजबुजल्या तरी जिन्याखालच्या चहावाल्याला कळते, असे परिचारिका म्हणत, आणि बाईंच्या कानावर ते गेले तेव्हा त्यांनी हसून तसेच जिन्यातून चहाला हाक मारली होती. त्या आवाजाची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

बाई मुलांच्या डॉक्टर झाल्या, आणि इतरांनी ताप-खोकल्याच्या दवाखान्यांवर माड्या चढवल्या तेव्हा त्या सरकारी रुग्णालयात जमिनीवर बसून मुलांचे खेळणे पाहत राहिल्या. त्यांचा धाकटा भाऊ औषधविक्रेता. आमची ताई एवढी शिकली आणि शेवटी बालवाडीत बसली, हे त्याचे घरच्या बैठकीतले ठरलेले वाक्य होते. बाई उत्तर देत की तुझ्या दुकानात वजनकाटा आहे, तो खोटा असला तर सरकार तुला पकडते. मूल समजूतदार आहे की नाही हे मोजायचा काटा म्हणजे डॉक्टरचा डोळा, आणि तो खरा की खोटा हे बघणारे कोणी नाही. मी तो डोळा बनवते.

शासनाची पाठ्यवृत्ती त्यासाठीच होती. तरुण बालरोगतज्ज्ञांनी दोन वर्षे विभागात राहायचे, मुलांच्या वाढीवर संशोधन कसे करावे ते शिकायचे, मग आपापल्या गावच्या रुग्णालयात जाऊन तिथली मुले तपासायची. शिक्षणाचा गाभा साधा होता. ठोकळे, पेला, चेंडू, बाहुली अशी खेळणी मांडायची, हातवारे न करता मुलाला ठरलेल्या गोष्टी सांगायच्या आणि ते काय करते ते लिहायचे. एकाच मुलाला दोघांनी पाहिले तर दोघांचे गुण जुळले पाहिजेत. ते जुळेपर्यंत सराव. सरावासाठी निरोगी मुले लागत; त्यांना विभागात ‘सरावाची मुले’ म्हणत. आणि या मुलांबाबत एक सक्त नियम होता. एकच मूल फार वेळा वापरायचे नाही. मूल परीक्षा शिकून जाते, मग आपण त्याची समज मोजत नाही, त्याची आठवण मोजतो. हा नियम बाईंनी स्वतः शिकवलेला होता.

सरावाची मुले आजूबाजूच्या वस्त्यांतून येत. त्यांच्या आयांना विभाग येण्याजाण्याचे भाडे देई. मग एका वर्षी लेखापरीक्षणात शेरा आला की निरोगी बालकांना रुग्णालयात आणण्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. बाईंनी प्रयोजन तीनदा स्पष्ट केले, पण ज्याला ते स्पष्ट करून घ्यायचेच नव्हते त्याला ते चौथ्यांदाही झाले नसते. भाडे बंद झाले, आयाही यायच्या बंद झाल्या. कामावरचा दिवस बुडवून, पदरमोड करून, दुसऱ्याच्या शिक्षणासाठी कोणी आपले मूल आणील ही अपेक्षा फक्त कार्यालयात बसूनच करता येते.

तेव्हा बाईंनी मुंगीला आणले.

मुंगी म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीची मुलगी. अंगाने बारीक, सतत काहीतरी उचलून इकडचे तिकडे नेणारी, म्हणून मुंगी. लेक विमा कचेरीत नोकरीला, जावई दुसऱ्या शहरात. दीड वर्षाची मुंगी तशीही आजीबरोबर येऊन दिवसभर रुग्णालयाच्या पाळणाघरात असे. दोन जिने चढले की सरावाची खोली. सुरुवातीला बाई म्हणाल्या होत्या, नवी मुले मिळेपर्यंतच. मिळेपर्यंतचे वर्ष झाले. मुंगीला ती खोली आवडे. बुटके टेबल, रंग उडालेले ठोकळे, मुलांच्या बसण्याने मधोमध झिजलेले जाजम, आणि आपल्यासमोर गुडघे मोडून बसलेला कोणीतरी मोठा माणूस, जो फक्त आपल्याकडेच बघतो आहे. बाहुलीला पाणी पाज म्हटले की ती पाणी पाजी. ठोकळा पेल्यात टाक म्हटले की टाकी. चेंडू आईला दे म्हटले की शेजारी जी कोणी परिचारिका बसली असेल तिला देई, आणि सगळे हसत. प्रशिक्षणार्थींचे गुण आपसांत इतके जुळू लागले की त्या वर्षीच्या शासकीय पाहणीत त्याची खास प्रशंसा झाली. बाईंना नातीचा अभिमान वाटे आणि तो त्या लपवत नसत. आपला तो बाब्या हे सगळ्यांचेच असते; शास्त्र शिकल्याने ते जात नाही, फक्त शास्त्राच्या भाषेत बोलू लागते.

लेकीने घरी तीनचार वेळा विषय काढला होता. आई, मुंगीला हाक मारली तर ती बघत नाही, आणि शब्दही अजून तोंडातल्या तोंडात आहेत. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हटले होते की तू तरी हाकेला कुठे बघायचीस, लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा बघितलंस. जन्मल्यावर कान तपासले होते आणि ते ठीक होते. आणि मी हाक मारली की बघते ना? हे खरे होते. मोठ्या बाईंनी हाक मारली की मुंगी बघत असे. जिन्याखालचा चहावालाही बघत असे.

पाठ्यवृत्तीचे नूतनीकरण करावे की नाही हे ठरवायला समिती येणार असे कळले, तेव्हा विभागात एकच प्रशिक्षणार्थी उरली होती. तिच्या आधीचे सहा जण शिकून गेले होते आणि नव्या नेमणुका वर्षभर रखडल्या होत्या. बाई तिला ‘शेंडेफळ’ म्हणत. लहानशा गावातून आलेली, कमी बोलणारी मुलगी. शिक्षण अर्धे झालेले. पाठ्यवृत्ती थांबली तर ते अर्धेच राहणार होते, आणि तिच्या गावच्या रुग्णालयात मुलांची वाढ तपासणारे दुसरे कोणी नव्हते. समितीसमोर तिने मूल तपासून दाखवायचे असे ठरले. मूल अर्थात मुंगी. बाई तिला म्हणाल्या, “मुंगी आहे म्हणजे काळजी नाही. तू फक्त गडबडू नकोस.”

समितीचे अध्यक्ष खात्याचे संचालक होते, आणि हे संचालक एके काळी याच खोलीत, याच जाजमावर, बाईंच्या हाताखाली शिकलेले होते. त्यामुळे बाई निर्धास्त होत्या. बरोबर एक लेखा अधिकारी होते. त्यांना बसायला मुलांची खुर्ची मिळाली, आणि त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. लेकीने अर्धा दिवस रजा घेऊन आईच्या खुर्चीवर बसायचे कबूल केले होते. शेंडेफळला सर्दी होती. सर्दी असलेल्याने मुलांच्या खोलीत नाक-तोंड झाकायचे हा विभागाचा नियम. तिने मास्क बांधला. आणि संचालकांनी, आपण जुने विद्यार्थी आहोत हे दाखवावे म्हणून असेल, हसत सांगितले की नेहमीचा क्रम नको, कपाटातला दुसरा संच काढा. दुसऱ्या संचात खेळणी तीच, पण सांगायच्या काही गोष्टी वेगळ्या आणि क्रम वेगळा. तो सहसा कोणी काढत नसे. बाई म्हणाल्या, काढा की, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

शेंडेफळने खेळणी मांडली आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, “मुंगी, चेंडू आईला दे.”

मुंगीने तिच्याकडे नीट पाहिले. मग बाहुली उचलली, पेला तिच्या तोंडाला लावला आणि कौतुकाची वाट बघत बसली. लेखा अधिकारी हसले. बाईही हसल्या.

“मुंगी, पेला खुर्चीखाली ठेव.”

मुंगीने ठोकळा उचलून पेल्यात टाकला.

यावर कोणी हसले नाही, कारण शेंडेफळ हसली नव्हती. तिने तिसरी गोष्ट सांगितली, बाहुलीला झोपव. मुंगीने चेंडू उचलला आणि ऐटीत नेऊन आईच्या हातात दिला. पहिल्या संचातली तिसरी गोष्ट. पहिली, दुसरी, तिसरी. वर्षभराच्या सरावात जो क्रम तिच्या अंगात मुरला होता तो तिने बिनचूक करून दाखवला होता. तिला विचारलेले तिने काही ऐकलेच नव्हते. ती माणसांचे ओठ, डोळे, हात वाचत आली होती. आज ओठ झाकलेले होते आणि हात मांडीवर होते, तेव्हा तिने पाठ असलेले उत्तर दिले. आणि उत्तर दिल्यावर मोठी माणसे हसतात, तशी ती सगळ्यांकडे बघून हसली.

बाईंना ते कळायला किती वेळ लागला ते त्यांना सांगता येत नाही. त्या एवढेच सांगतात की आधी त्यांना राग आला, आणि तो मास्कचा आला. “तो मास्क काढ आधी,” त्या म्हणाल्या. “पोर गोंधळली आहे. दमलीही आहे.”

शेंडेफळने मास्क काढला नाही. ती उठली, मुंगीच्या पाठीमागे गेली, आणि दोन हात अंतरावरून तिचे नाव घेतले. मुंगी चेंडू फिरवत राहिली. शेंडेफळने खुळखुळा घेतला, आधी हळू वाजवला, मग जोरात. लेखा अधिकाऱ्यांनी मान वळवली. संचालकांनी वळवली. दारातल्या परिचारिकेने वळवली. त्या खोलीत न वळलेले डोके एकच होते.

या मुलीच्या पुढ्यात तेव्हा काय होते ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. मूल दमले आहे, पुन्हा केव्हातरी बघू, एवढे म्हटले असते तर बाईंची लाज राहिली असती, समिती चहा पिऊन गेली असती आणि तिचे शिक्षण पुरे झाले असते. तिच्या बाईंनीच तिला तो शब्द सुचवलाही होता. तिने गुरूकडे पाहिले. बाई रोज एक वाक्य सांगत : दिसलं ते लिहायचं, हवं होतं ते नाही.

“बाई,” ती म्हणाली, “हिला ऐकू येत नाहीये.”

पायांखालची जमीन सरकते म्हणतात. बाईंचा अनुभव उलटा होता. खोलीतली प्रत्येक वस्तू जागच्या जागी घट्ट होती, टेबल, ठोकळे, झिजलेले जाजम. कशानेच त्यांना मदत म्हणून हलायचे नाकारले. लेकीने मुंगीला उचलून छातीशी घेतले आणि आईकडे न बघता म्हटले, “मी सांगत होते.” तेवढेच. पुढे कधी तिने ते पुन्हा काढले नाही, आणि बाईंना ते अधिक जड गेले.

त्याच आठवड्यात श्रवणतज्ज्ञांनी मुंगीला झोपवून, कानामागे तारा चिकटवून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहिले. दोन्ही कान अधू निघाले. जन्मतः चांगले होते, नंतर हळूहळू उतरत गेले असावेत. मोठा, भरड आवाज पोचतो; साधे बोलणे किंवा खुळखुळ्याचा बारीक आवाज पोचत नाही. बाईंनी क्षीणपणे विचारले की मग माझ्या हाकेला ती कशी बघायची. श्रवणतज्ज्ञ बाईंच्या जुन्या ओळखीच्या. त्यांना खोटे बोलवेना. म्हणाल्या, “तुमचा आवाज तिला ऐकू येत असणार, बाई. बहुधा तुमचाच तेवढा.”

एका घराचे दुःख म्हणून गोष्ट इथे संपली असती तर ती छापायला देण्याचे कारण नव्हते. दुसरा धक्का चार दिवसांनी बसला, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता. शेंडेफळ बाईंच्या टेबलापाशी येऊन म्हणाली की बाई, आधीचे सहाही जण मुंगीवरच शिकले.

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

दीड-दोन वर्षांचे निरोगी मूल सांगितलेल्या गोष्टीला कसा प्रतिसाद देते, हे त्या सहा डॉक्टरांनी मुंगीकडे बघून डोळ्यांत बसवले होते. त्यांचे गुण जुळले होते ते एका कमी ऐकणाऱ्या मुलीवर. सगळ्यांचा काटा सारखा होता आणि सारखाच खोटा होता. आणि ते काटे घेऊन सहा जण सहा गावांत मुले तपासत होते. बाईंनी एकेकाला दूरध्वनी केला. त्यातल्या एकाने, त्यांच्या सर्वांत लाडक्या विद्यार्थ्याने, निरागसपणे सांगितले की मागून हाक मारल्यावर मूल वळले नाही तर आम्ही ‘खेळात गुंग’ असे लिहितो आणि पुढे जातो. “मुंगी तसंच करायची ना, बाई? तुम्हीच म्हणायचात, किती एकाग्र आहे.”

बाईंनी सहा गावांची नावे एका कागदावर लिहून काढली.

उपाय अवघड नव्हता. सहाही जणांना परत बोलवायचे, नवनवी मुले आणून डोळा पुन्हा घडवायचा, मग त्यांनी आपापल्या गावी परतल्यापासून तपासलेली मुले पुन्हा तपासायची. त्यासाठी पाठ्यवृत्ती चालू हवी आणि आयांचे भाडे पुन्हा सुरू हवे. बाई हे सांगायला स्वतः संचालकांच्या कार्यालयात गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कोणाच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिल्या. संचालकांनी उठून त्यांना खुर्ची दिली, नातीची चौकशी केली. मग म्हणाले की प्रशिक्षण चुकले असे तुम्हीच सांगता, मग चुकलेल्या प्रशिक्षणाला आणखी निधी द्या असे मी कोणत्या तोंडाने लिहू?

“चूक सापडली ती त्याच प्रशिक्षणानं,” बाई म्हणाल्या. “अर्धं शिकलेल्या पोरीनं, तुमच्यासमोर. ते लिहा.”

“अहवालात मला निष्कर्ष लिहावा लागतो, बाई.”

“दिसलं ते लिहायचं. हे तुम्हाला त्या जाजमावर शिकवलं होतं मी.”

संचालकांनी खिडकीकडे पाहिले. “शिकलोय,” ते म्हणाले. “पण आता मी मुलं तपासत नाही.”

मग ते पत्र आले. भाडे बंद करणाऱ्याच्या नावावर शेराही नाही, आणि दोष शोधून दाखवणारीची पाठ्यवृत्ती गेली; चोर सोडून संन्याशाला फाशी याहून वेगळी नसते. शेंडेफळ आता एका खासगी दवाखान्यात शाळाप्रवेशाची आरोग्य-प्रमाणपत्रे देते. जाताना ती बाईंच्या पाया पडायला वाकली तेव्हा बाईंनी तिला धरून उभे केले. सरावाच्या खोलीत जुन्या खाटा रचून ठेवल्या आहेत. जाजम कोणी गुंडाळलेही नाही. खाटांचे पाय त्याच्यावरच उभे आहेत.

मुंगीला श्रवणयंत्रे मिळाली. पहिले काही दिवस ती काढून बाहुलीच्या कानांत घालायची, मग स्वतःच्या कानांत ठेवू लागली. एका दुपारी बाईंनी सवयीने आतल्या खोलीतून हाक मारली, तर ती दोन्ही हातांनी कान दाबून धावत आली आणि म्हणाली, “आजी, हळू.” तिच्या तोंडून निघालेले हे पहिले स्वच्छ शब्द. साऱ्या रुग्णालयाला जी गोष्ट बाईंना सांगता आली नव्हती ती तिने सांगितली, आणि बाईंनी ती ऐकली. आता त्या इतक्या हळू बोलतात की त्यांचा भाऊ ताई, जरा मोठ्याने, असे म्हणतो. पण मुंगी आता सापडलेली आहे. जी सापडलेली नाहीत ती मुले सहा गावांत आहेत. खेळात गुंग अशी त्यांच्या नावापुढे नोंद आहे, आणि ती बोलायला उशीर करत आहेत, आणि घरी कोणीतरी म्हणत आहे की याचा बापही उशिराच बोलला होता.

म्हणून वाचकांकडे मागणे आहे, आणि ते दयेचे नाही. तुमच्या लहान मुलाची वाढ गेल्या दोन वर्षांत सरकारी रुग्णालयात तपासून ठीक ठरवली गेली असेल, तर त्याला घेऊन पुन्हा तिथे जा आणि तपासणी पुन्हा करून मागा. ओठ झाकून, हात मांडीवर ठेवून आणि पाठीमागून. तपासणाऱ्याला विचारा की तो कोणाकडे शिकला आणि कोणत्या मुलांवर शिकला. उत्तर मिळाले नाही, तर बालविकास विभागात आता कोणी शिकत का नाही, हा प्रश्न आरोग्य खात्याला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.